अंकलेश्वरला गेलेली फाईल

मी बारावीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा सतराव्या वर्षी आणि दुसऱ्यांदा बाविसाव्या, लग्न झाल्यावर. दोन्ही वेळा कल्याणचं तेच कॉलेज, तेच बाक. दुसऱ्या खेपेला पहिल्या पेपरच्या दिवशी गेटवरचा शिपाई मला म्हणाला, "मॅडम, स्टाफरूम वरती आहे." मी हॉलतिकीट पुढे केलं. त्याने एकदा त्यावरचा फोटो पाहिला, एकदा माझं मंगळसूत्र पाहिलं आणि बाजूला झाला. वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलीने मला काकू म्हणून जास्तीची रिफिल मागितली. मी दिली. काकू तर काकू, मार्कांत बघू, असं मनात म्हटलं.

पहिल्या वेळी माझं मेडिकल चार मार्कांनी हुकलेलं. वडील त्याआधीच वारले होते, आई कल्याणच्या एका बालवाडीत शिकवायची, आणि मुलीने वर्षभर घरी बसून पुन्हा तीच परीक्षा द्यावी ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही येण्यासारखी नव्हती. मी बी.एस्सी.ला गेले. लोकांना मेडिकलच्या वेडामागे काहीतरी कारण लागतं. वडिलांचं आजारपण, गरिबांची सेवा, असलं काहीतरी. माझं तसं काही नव्हतं. माणसाचं शरीर आतून कसं चालतं ते मला शिकायचं होतं आणि ते शिकण्याइतकं डोकं आपल्याला आहे, अशी माझी खात्री होती. एवढं कारण मुलांना पुरतं. मुलींना का पुरत नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलगा केमिकल इंजिनिअर, एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरीला, एकुलता एक. वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी मला रीतीप्रमाणे विचारलं, पुढे काय करायचा विचार आहे? अशा वेळी शिवणकाम किंवा बी.एड. म्हणायचं असतं. मी म्हटलं, "मला पुन्हा बारावीला बसायचंय. मेडिकलसाठी."

माझ्या आईने मान खाली घातली. सासरे हसले आणि म्हणाले, बसू दे की, शिक्षणाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. मुलानेही माझी काही हरकत नाही असं सांगितलं. खोलीत सहा माणसं होती. सहाही जणांनी ते ऐकलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यातल्या एकालाही ते आठवेना.

लग्नानंतर दीड वर्षाने मी खरोखरच फॉर्म भरला, तेव्हा त्यांना तो माझा हट्ट वाटला. हट्ट लवकर ओसरतो, अशी त्यांची समजूत. सकाळचा स्वयंपाक, डबा, धुणं, मग दुपारी दोन ते पाच अभ्यास आणि पाच वाजता पुन्हा ओट्यापाशी. प्रॅक्टिकलला झुरळाचं विच्छेदन असायचं. सरावाला मी इमारतीच्या मागच्या गटारापाशी झुरळं पकडून बरणीत ठेवायची आणि गॅलरीत मेणाच्या ट्रेवर टाचण्या लावून कापायची. सासूबाईंनी ती बरणी एकदा पाहिली आणि तीन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी चौथ्या दिवशीही झुरळ कापलं.

जूनमध्ये निकाल लागला. तीन विषयांत मिळून माझे एकोणीस मार्क गेले होते. त्या वर्षीच्या हिशेबाने सीट मिळण्यासारखे मार्क होते ते. आणि त्याच आठवड्यात नवरा प्रमोशनचं पत्र घेऊन आला. कंपनी गुजरातेत अंकलेश्वरला नवा कारखाना काढत होती. त्याचा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून याची निवड झाली होती. वय एकोणतीस. कंपनीत इतक्या लहान वयात कोणालाच ती जागा मिळाली नव्हती. क्वार्टर, बाग, दारात जीप. सासूबाईंनी आख्ख्या इमारतीत पेढे वाटले. पेढे देताना त्या प्रत्येक दारात म्हणायच्या, "आमचा मॅनेजर झाला." एका दारात कोणीतरी माझ्या निकालाचं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "हो, हिलाही बरे मार्क पडलेत."

मला त्याचा आनंद झाला नव्हता असं नाही. तो हुशार होता, कष्टाळू होता, ती जागा त्याच्या हक्काची होती. पण माझी सीटही माझ्या हक्काची होती. घरात मात्र पहिला प्रश्न निघाला तो भांडी कोणती न्यायची हा. मी जाणार की नाही, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. तो मलाच काढावा लागला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले असताना मी सांगितलं की मी अंकलेश्वरला येणार नाही, मेडिकलला ॲडमिशन घेणार आहे. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. ते नेहमी शांतपणे, एकेक शब्द तोलून बोलायचे. त्यांनी मला समजावून सांगितलं की दोन ठिकाणी दोन चुली मांडण्याला संसार म्हणत नाहीत, आणि बायकोच्या शिक्षणासाठी नवऱ्याने स्वतःच्या हातचं करून खावं अशी वेळ त्यांच्या घराण्यात आलेली नाही. सासूबाईंनी त्याला तिकडचं तेल सोसणार नाही इथपासून सुरुवात केली. मग नवरा म्हणाला की एक वर्ष थांब, तिकडे बस्तान बसू दे, पुढच्या वर्षी बघू.

मी त्याला विचारलं, हे मार्क पुढच्या वर्षी चालतील का? त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मी चौकशी करून आले होते. चालणार नव्हते. गुजरातेत कॉलेजं नाहीत का, असं सासऱ्यांनी विचारलं. तीही चौकशी मी केलेली. आहेत, पण ती तिथल्या बोर्डाच्या मुलांसाठी.

"म्हणजे तू सगळं ठरवूनच बसलीस," सासरे म्हणाले.

"हो बाबा. तुमच्याच समोर ठरवलं होतं, पोहे खाताना."

त्यानंतर ते माझ्याशी सात महिने बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी सासूबाईंमार्फत मागायचे.

आठ दिवसांनी मी कल्याणला आईकडे गेले. वाटलं होतं, निदान ती तरी पाठीशी उभी राहील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत म्हणाली की मी तुला जा म्हणणार नाही आणि राहा असंही म्हणणार नाही, मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायची ताकद नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आमच्या सगळ्यांत खरं बोलली ती एकटीच.

जुलैत नवरा गेला. कंपनीचा टेम्पो आला होता. गाद्या, स्टोव्ह, पातेली आणि दोन ट्रंका चढल्या. त्या दिवशी मी कल्याणला तहसील कचेरीत साक्षांकित प्रती घेऊन डोमिसाईलच्या रांगेत उभी होते. माझे सगळे कागद माहेरच्या नावाचे आणि राहते डोंबिवलीच्या सासरी, त्यामुळे एक प्रतिज्ञापत्रही लागणार होतं. सासऱ्यांची इच्छा होती की निदान फॉर्मवर तरी सासरचं नाव असावं. मी माहेरचंच लिहिलं. मार्क त्या नावाने मिळवले होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा टेम्पो गेलेला. नवऱ्याने वाट पाहिली नव्हती आणि मीही धावत आले नव्हते.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत शुक्रवारी, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. मी कपाट उघडलं. साड्यांच्या खाली, निळ्या रेग्झिनच्या फाईलमध्ये माझे सगळे मूळ दाखले असायचे. दोन्ही मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला. फाईल नव्हती. मी सगळं कपाट रिकामं केलं. साड्या पलंगावर, पलंगाखाली, माळ्यावर, सगळीकडे शोधलं. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सामान त्याने बांधलं, मला काय ठाऊक.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी कारखान्यात फोन लावला. बऱ्याच वेळाने नवरा आला.

"निळी फाईल तुमच्याकडे आहे का?"

"हो, आहे. ट्रंकेत आहे. काळजी करू नकोस."

मी मुलाखतीचं सांगितलं. तो म्हणाला की शनिवारी येतोय, घेऊन येतो. मुलाखत शुक्रवारी आहे म्हटल्यावर म्हणाला की या आठवड्यात प्लँट सुरू होतोय, मला इथून हलताही येणार नाही. बूथवाला मीटरकडे बघत होता. मी फोन ठेवला आणि घरी येऊन पिशवी भरली.

बुधवारी सकाळी मी मुंबई सेंट्रलहून गाडी पकडली. एकटीने राज्याबाहेर जायची ती माझी पहिलीच वेळ. निघताना घरात सांगितलं, अंकलेश्वरला जाते. सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांना वाटलं, मी वळणावर आले. त्यांनी लसणीची चटणी बांधून दिली, त्याला आवडते म्हणून. मी नेली. चटणीशी माझं काही भांडण नव्हतं.

दुपारी दोन वाजता कारखान्याच्या गेटवर पोचले. हवेत आमच्या एमआयडीसीसारखाच वास, फक्त ऊन जास्त. वॉचमनने "भाभी आल्या" म्हणून आत निरोप धाडला. कँटीनचा एक माणूस, दोन ज्युनियर इंजिनिअर, सगळे उत्साहाने बाहेर आले. एकाने माझी पिशवी घेतली आणि ती इतकी हलकी कशी म्हणून चमकला. जीपने मला क्वार्टरवर सोडलं. खरंच बाग होती. लिंबाचं झाड होतं. स्वयंपाकघरात माझी पातेली फळीवर उतरंडीने लावलेली, आणि हुकाला माझा जुना एप्रन. मी येणार म्हणून घर मांडून ठेवलेलं होतं. तिथे उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. ते घर चांगलं होतं. तिथे राहणं अजिबात कठीण गेलं नसतं.

नवरा पाच वाजता आला. हात धुतले, चहा केला, दोन कप घेऊन पायरीवर बसला. मी फाईल मागितली. ती त्याने ट्रंकेतून नाही, त्याच्या स्वतःच्या टेबलाच्या ड्रॉवरमधून आणून दिली. मी उघडून एकेक कागद मोजला. सगळे होते.

"चुकून आली का ही?"

तो खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. "नाही," म्हणाला. "मी आणली. तू येणारच होतीस, मग कागद तिथे कशाला ठेवायचे, असं वाटलं."

"मी येणार नाही असं सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण मला वाटलं, कागद इकडे असले तर येशील."

मी लग्नापासून त्याला अहो म्हणायचे. आमच्याकडे तीच पद्धत होती, मला त्यात कधी काही वावगंही वाटलं नव्हतं. त्या पायरीवर माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"तू माझे दाखले पळवलेस," मी म्हटलं. "तू."

त्याने दचकून वर पाहिलं. मला वाटतं दाखल्यांपेक्षा तो त्या शब्दाने जास्त दचकला. मग मी थांबले नाही. म्हटलं, तुझं प्रमोशन आलं तेव्हा मी तुझं पत्र लपवलं असतं तर? कंपनीचं पत्र माझ्या साड्यांखाली ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, मला वाटलं तू डोंबिवलीतच राहशील? तो म्हणाला, ते वेगळं आहे. काय वेगळं आहे ते सांग, म्हटलं. त्याने खूप विचार केला, खरंच केला, तो वाद जिंकायला बोलणारा माणूस नव्हता. शेवटी म्हणाला, "सांगता येत नाही."

"मग वेगळं नाहीये."

चहा गार झाला. अंधारायच्या आधी त्याने वरणभात लावला. मी चटणी काढली. आम्ही जेवलो. त्याने विचारलं, सीट नाही मिळाली तर येशील? मी म्हटलं, सीट नाही मिळाली तर तेव्हा बघू, पण आज मी हो म्हणणार नाही, कारण मग तू ती न मिळण्याची वाट बघत बसशील. यावर तो थोडा हसला. त्याला ते पटलं असावं.

सकाळी सातच्या गाडीला तो स्टेशनवर सोडायला आला. फाईल त्याने धरू का म्हणून विचारलं. मी दिली नाही.

शुक्रवारी मुलाखत झाली. टेबलापलीकडच्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, मिस्टर कुठे असतात? अंकलेश्वरला. आणि तुम्ही? डोंबिवलीला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुढचा प्रश्न येणार. पण ते फक्त म्हणाले, "साडेचार वर्षं आहेत, अधिक इंटर्नशिप." मी म्हटलं, मला मोजता येतं सर. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत आलं. कळव्याला तेव्हा नवीनच सुरू झालेल्या कॉलेजात. डोंबिवलीहून चार स्टेशनं. पहिल्या दिवशी वर्गात पुन्हा मीच सगळ्यांत मोठी, पण या वेळी कोणी स्टाफरूमची वाट दाखवली नाही.

त्या पाच-सहा वर्षांबद्दल लोकांना एक गोड गोष्ट ऐकायची असते. सासरचे हळूहळू विरघळले, सासूबाईंनी डबा भरून दिला, असलं. तसं झालं नाही. पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी सासूबाईंमार्फत सुचवलं की शिकायचंच तर तिने माहेरी राहून शिकावं. मी निरोपाने उत्तर दिलं नाही, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला लग्न करून या घरात आणलंय. मी इथेच राहणार आणि इथूनच कॉलेजला जाणार. माहेरी गेले तर उद्या तुम्हीच म्हणाल, नांदली नाही. त्यांनी पेपर उलटला. मी राहिले. सकाळची पोळीभाजी करूनच निघायचे, संध्याकाळी परत आल्यावर ओटा माझाच असायचा. सवलत मागितली नाही, कारण सवलतीची परतफेड मागितली जाते. इमारतीत कोणी म्हणायचं नवऱ्याने टाकली, कोणी म्हणायचं हिनेच टाकलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना एकीने तोंडावरच विचारलं तेव्हा मी सांगितलं, अजून ठरलं नाही, ठरलं की तुम्हाला पहिलं कळवते.

नवरा महिन्यातून दोनदा शनिवारी यायचा. पहिलं वर्ष वाईट गेलं. तो आला की आम्ही भांडायचो किंवा गप्प बसायचो. मी त्याला अरे-तुरे करते हे सासूबाईंना माझ्या शिक्षणापेक्षाही जास्त लागलं होतं. त्यांनी त्याच्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, असू दे आई, मला सवय झालीय. मला आठवतं तेव्हापासून माझ्या बाजूने त्याने आईसमोर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या वर्षी ॲनाटॉमीची हाडं घरी अभ्यासाला आणली होती. तो पलंगावर पडून एकेक हाड उचलून विचारायचा, हे काय, ते काय, आणि पुस्तकात बघून माझं उत्तर तपासायचा. चुकले की त्याला खराखुरा आनंद व्हायचा. आमचं लग्न त्या हाडांवर सावरलं म्हटलं तरी चालेल.

तो माझ्यासाठी परत आला नाही, हेही सांगायला हवं. मी माझं सोडलं नाही तसं त्यानेही त्याचं सोडलं नाही, आणि ते न्याय्यच होतं. सहाव्या वर्षी कंपनीनेच तो कारखाना विकला, तेव्हा त्याला ठाण्यात नोकरी मिळाली आणि तो सामान घेऊन घरी आला. माझी इंटर्नशिप संपत आली होती. पातेली परत आली, त्यातली दोन ओळखूही येईनात इतकी चेपलेली.

मी कोपरला स्टेशनजवळ एक गाळा घेऊन दवाखाना टाकला. सासरे उद्घाटनाला आले, खुर्चीत बसले, पाटी वाचली. पाटीवर माझं माहेरचं नाव होतं. तरी पुढे त्यांचा रक्तदाब तपासायला माझ्याकडेच यायचे. सासूबाई कधीच आल्या नाहीत. त्यांना ताप आला तरी रिक्षा करून त्या त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडे जायच्या. मी आग्रह केला नाही. माझ्याविरुद्ध इतकी वर्षं इतक्या नेटाने टिकून राहिलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा थोडा आदरच वाटतो. त्यांना मी माफ केलं असं सगळे धरून चालतात. माफी त्यांनी मागितली नाही आणि मी दिलेली नाही. आम्ही एका घरात नीट राहिलो, एवढं पुरे आहे.

दवाखान्याच्या पहिल्या वर्षात आमच्या भागातल्या महिला मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि माईकवर एक बाई. त्या कौतुकाने म्हणाल्या की लग्नानंतर एवढं मोठं शिक्षण सासरच्या पाठिंब्याशिवाय होऊच शकत नाही, तेव्हा डॉक्टरांनी त्याबद्दल दोन शब्द सांगावेत. समोर चाळीस-पन्नास बायका, त्यात काही तरुण मुली. नवरा तिसऱ्या रांगेत. मला तयार वाक्य येत होतं, सगळ्यांना येतं. मी माईक घेतला आणि म्हटलं, "पाठिंबा नव्हता. तरी झालं."

सभागृहात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माईकवरच्या बाई गोंधळून पुढच्या सत्कारमूर्तींकडे वळल्या. मागच्या बाजूला एक मुलगी बसली होती, नवीनच लग्न झालेली, हिरवा चुडा भरलेली. ती मात्र शेजारच्या बाईशी बोलायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

रिक्षात नवरा म्हणाला, "हाडं धरायचो की मी."

"त्याला मदत म्हणतात," मी म्हटलं. "आणि ती दुसऱ्या वर्षापासून."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.